वळणाचा दिवा लागत नाही तेव्हा

ट्रक कोणत्या बाजूला वळणार, हे ड्रायव्हरला ठाऊक असते. पण मागून येणाऱ्याला ते कसे कळावे? ट्रकात कापूस भरलेला असला तर मागच्याला पुढचा रस्तासुद्धा दिसत नाही. समोर नुसता ताडपत्री बांधलेला डोंगर. त्याला दिसतो फक्त एक पिवळसर दिवा. दिवा लुकलुकला म्हणजे ट्रक वळणार. नाही लुकलुकला म्हणजे सरळ जाणार. एवढ्या भरवशावर तो आपली मोटारसायकल पुढे काढतो. मागे बायको बसलेली असते, मध्ये लेकरू असते.

या दिव्याला ड्रायव्हर मंडळी इंडिकेटर म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून नागपूर-हैदराबादचा हमरस्ता जातो. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी ही गावे त्याच रस्त्यावरची. पूर्वी त्याला सात नंबरचा रस्ता म्हणत. आता त्याचा नंबर 44 आहे. करंजीला वणीकडचा रस्ता येऊन मिळतो. तिकडून कोळशाच्या गाड्या येतात. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळू लागतात. त्यांत नव्या गाड्या असतात, तशा वीस-पंचवीस वर्षे चाललेल्याही असतात. अशा गाडीचे इंजिन दणकट असते, पण तारा म्हाताऱ्या झालेल्या असतात. आपल्या गावातली पुष्कळ पोरे या गाड्यांवर ड्रायव्हर आहेत, क्लीनर आहेत. म्हणून हा धडा.

इंडिकेटर बिघडला की पहिले काय करतात? नवा बल्ब आणतात. तरी लागला नाही, तर नवा फ्लॅशर आणतात. तरीही नाही, तर म्हणतात, "जाऊ दे, हात दाखवू." पैसे गेले आणि दिवा बंदच. असे होते, कारण वीज कोणत्या वाटेने जाते ते पाहिलेले नसते.

तुम्ही विहिरीवरचा राहाट पाहिला असेल, नाहीतर ऐकला तरी असेल. गाडग्यांची माळ रिकामी खाली जाते, भरून वर येते, आणि पुन्हा खाली जाते. माळ एका ठिकाणी तुटली की सगळीच गाडगी थांबतात. विजेचेही तसेच. बॅटरीतून निघालेली वीज फिरून बॅटरीत परत आली पाहिजे. वाट कुठेही तुटली की दिवा बंद.

ही वाट अशी आहे. बॅटरीतून वीज फ्युजमध्ये येते. फ्युजमधून फ्लॅशरमध्ये. फ्लॅशर म्हणजे डबीएवढी एक वस्तू. तीच वीज सोडते, तोडते, पुन्हा सोडते; म्हणून दिवा लुकलुकतो. टकटक आवाज येतो तो तिचाच. तिथून वीज स्टिअरिंगजवळच्या खटक्यात येते. खटका डावीकडे केला तर डाव्या दिव्यांना जाते, उजवीकडे केला तर उजव्या. दिव्यातून ती गाडीच्या लोखंडात उतरते. बहुतेक गाड्यांत बॅटरीची वजा बाजू चासीला जोडलेली असते. म्हणून परतीच्या वाटेला वेगळी तार बहुधा नसते. गाडीचे लोखंड हीच परतीची तार. मिस्त्री लोक तिला अर्थ म्हणतात.

आता खटका टाका, खाली उतरा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. पाना अजून हातात घेऊ नका. आधी नुसते पाहायचे.

समजा, डावीकडचे दिवे लुकलुकतात आणि उजवीकडचे लागत नाहीत. यावरून काय समजावे? डावीकडे वीज जाते, म्हणजे बॅटरी चांगली, फ्युज चांगला, फ्लॅशरही चांगला. कारण तिथपर्यंतची वाट दोन्ही बाजूंची एकच आहे. दोष खटक्याच्या पुढे, उजव्या बाजूला आहे. पाहा, एक पैसा न लावता अर्धी गाडी तपासून झाली! आणि उजवीकडचा पुढचा दिवा लागतो, मागचा तेवढा लागत नाही असे असेल, तर खटकाही सुटला. मग मागची तार, मागचा होल्डर, मागचा बल्ब आणि मागची अर्थ एवढेच पाहायचे उरते.

बल्ब काढून उजेडात धरा. आतली बारीक तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली दिसली, तर बल्ब गेला. नवा घेताना त्याच्या पितळी टोपीवरचे आकडे वाचा. इंडिकेटरचा बल्ब बहुधा 21 वॅटचा असतो. त्याच्यासोबत 12 किंवा 24 हा आकडा असतो. तो व्होल्टचा. काही गाड्या 12 व्होल्टवर चालतात, काही 24 व्होल्टवर. 24 च्या गाडीत 12 चा बल्ब लावला तर तो लगेच जळतो. 12 च्या गाडीत 24 चा लावला तर काजव्यासारखा मिणमिणतो. फ्लॅशरवरही असाच आकडा असतो. दुकानदार घाईत असला तर आपणच वाचून घ्यावा. आकडे वाचता येऊ लागले, त्याचा हा एक रोकडा फायदा.

बल्ब चांगला आहे, तरी दिवा लागत नाही. मग अर्थ पाहावी. जुन्या गाडीत माझा पहिला संशय हिच्यावरच असतो. त्याला कारण आहे. मागचे दिवे चाकांच्या मागे, खाली असतात. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाबरोबर उडते आणि दिव्यावर बसते. ही माती ओल धरून ठेवते, हे कास्तकाराला सांगायला नको. शेतात जो तिचा गुण, तोच इथे अवगुण. ओलीने दिव्याचा स्क्रू गंजतो, खालचा पत्रा गंजतो. गंजातून वीज नीट जात नाही. वीज दिव्यापर्यंत येते, पण परतीचे दार बंद.

अर्थ बिघडल्याची एक खूण फार गमतीची आहे. इंडिकेटर लावला की शेजारचा लाल दिवाही त्याच्या तालावर मंद लुकलुकतो. किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो. माणूस म्हणतो, वायरिंगला भूत लागले. भूतबीत काही नाही. परतीची सरळ वाट बंद झाली, म्हणून वीज शेजारच्या बल्बातून आडवाटेने जाते. धुरा फुटला की आपले पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाते ना, तसे.

खात्री कशी करावी? हातभर तार घ्या. तिचे एक टोक होल्डरच्या धातूला लावा. दुसरे टोक चासीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागेला लावा. दिवा झटकन नीट लागला, तर दोष अर्थचाच. मग स्क्रू काढा, गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, थोडे ग्रीस लावा आणि स्क्रू आवळून बसवा. रंगावर स्क्रू आवळू नका. रंगातून वीज जात नाही. नवा रंग दिल्यावर मागचे दिवे बंद पडले, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिचे मूळ हेच.

तारेत वीज आहे की नाही हे पाहायला एक साधी चाचणी करता येते. गाडीच्याच व्होल्टचा बल्ब आणि होल्डर घ्या, त्याला दोन लांब तारा जोडा. एक तार चासीला लावा, दुसरीने होल्डरमधल्या टोकाला स्पर्श करा. इंडिकेटर चालू असताना हा बल्ब लुकलुकला, तर वीज इथवर येते आहे. नाही लुकलुकला, तर तार मागून पुढे तपासत या. जोड दिसला की तिथे पाहा, चासीच्या कोपऱ्याला तार घासली असेल तिथे पाहा. गाडी पावसाळाभर उभी असली तर उंदरांची करामतही पाहा.

दोन्ही बाजूंचे सगळेच दिवे बंद असतील, तर दोष सामाईक वाटेत आहे. आधी फ्युज. काही गाड्यांत तो काचेच्या नळीचा असतो, काहींत चिनी मातीच्या कांडीवर पट्टी असते. पट्टी शाबूत असली तरी दोन्ही टोके घासून बसवा. फ्युज चांगला असेल तर फ्लॅशरकडे या. साध्या फ्लॅशरवर बी आणि एल अशी दोन इंग्रजी अक्षरे असतात. बी म्हणजे बॅटरीकडून येणारी तार, एल म्हणजे दिव्यांकडे जाणारी. या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडा आणि खटका टाका. दिवे न लुकलुकता नुसते लागून राहिले, तर बाकी सगळे ठीक आहे, फ्लॅशर गेला. दिवे लागलेच नाहीत, तर चाचणीचा बल्ब घेऊन बी च्या तारेत वीज येते का ते पाहा. ही जोडलेली तार तशीच ठेवून गाडी चालवू नये.

दिवा लुकलुकतो, पण चाल बदलली आहे, असेही होते. जुना फ्लॅशर आतल्या तारेच्या उष्णतेवर चालतो. त्या बाजूचा एक बल्ब गेला की वीज कमी वाहते, तार नीट तापत नाही. मग उरलेला दिवा फार सावकाश लुकलुकतो किंवा नुसता लागून राहतो. नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल तर बहुधा उलटे होते, दिवा भराभर लुकलुकतो. अलीकडे पोरे जुन्या बल्बांच्या जागी एलईडी लावतात. एलईडीला वीज फार थोडी लागते. जुन्या फ्लॅशरला वाटते, बल्बच गेला! त्याला एलईडीचाच फ्लॅशर लागतो.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. नवा फ्युज घातला आणि लगेच उडाला. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. अशा वेळी कोणीतरी शहाणा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो किंवा जाड तार बसवतो. दिवे लागतात, शाबासकी मिळते. पण फ्युज उगीच उडत नव्हता. कुठेतरी उघडी तार लोखंडाला टेकली आहे. आता फ्युज उडणार नाही, तार तापेल. तिच्यावरचे रबर वितळेल. वर कापूस आहे. कापसाच्या गाठोड्यात ठिणगी शिरली की ती आत धुमसत राहते. ड्रायव्हरला धूर दिसेतो गाडी हातची जाते, कास्तकाराचे वर्षही जाते. म्हणून फ्युजच्या जागी फ्युजच घालावा, आणि तोही तेवढ्याच अँपिअरचा.

टेकलेली तार शोधायची युक्ती अशी. फ्युज काढा आणि त्याच्या दोन टोकांना चाचणीच्या बल्बच्या दोन तारा लावा. इंडिकेटरचे चारही बाजूंचे बल्ब काढून ठेवा. त्याच फ्युजवर दुसरे काही चालत असेल तर तेही बंद ठेवा. किल्ली फिरवा. खटका मध्ये असतानाच चाचणीचा बल्ब लखलखीत लागला, तर तार खटक्याच्या अलीकडे टेकली आहे. खटका डावीकडे केल्यावर लागला, तर डाव्या तारेत. उजवीकडे केल्यावर लागला, तर उजव्या. बल्ब लागलेला असतानाच एकाने तार हलवत हलवत मागे जावे. ज्या ठिकाणी हलवल्यावर बल्ब विझेल, तीच जागा. तार पूर्ण तुटली असेल तर बदलावी. नुसती सोलली असेल तर टेप घट्ट गुंडाळावी आणि चासीला घासणार नाही अशी बांधावी.

तार कापण्या-जोडण्याचे काम असेल तर आधी बॅटरी सोडावी. सोडताना चासीकडची बाजू पहिली, जोडताना तीच शेवटी. उलटे केले आणि पाना लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. बिडी दूर ठेवा.

दुरुस्ती होईपर्यंत हात दाखवावा. उजवीकडे वळायचे तर उजवा हात बाहेर सरळ, पंजा पुढे. डावीकडे वळायचे तर हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्याच्या उलट गोल फिरवायचा. पण रात्री हात दिसत नाही. आणि मालाने फुगलेल्या ट्रकचा हात दिवसाही डावीकडून येणाऱ्याला दिसत नाही. तेव्हा अंधार पडायच्या आत गाडी एका जागी लावावी आणि दिवा दुरुस्त करून घ्यावा.

आणखी एक सवय आपल्या रस्त्यांवर आहे. मागच्याला पुढे जा म्हणायचे, तर ट्रकवाले उजवा इंडिकेटर लावतात. वळायचे असले तरी तोच लावतात! मागच्याने काय समजावे? पुढे काढावी की थांबावे? मला ही सवय मुळीच पसंत नाही. वाट द्यायची तर गाडी थोडी डावीकडे घेऊन वेग कमी करावा. उजवा दिवा उजव्या वळणासाठीच, नाहीतर आपल्याला पुढे काढायची असेल तेव्हासाठी ठेवावा.

दुरुस्ती झाली की क्लीनरला मागे दहा पावलांवर उभे करा. त्याच्याजवळ घड्याळ द्या. काच पुसून घ्या. वणीकडच्या गाडीवर कोळशाची भुकटी एवढी बसते की चांगला दिवाही दिसत नाही. डावा इंडिकेटर लावा आणि मिनिटभर मोजायला सांगा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दिवा मिनिटाला 60 पेक्षा कमी वेळा आणि 120 पेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये. मग उजवा मोजा. मग ब्रेक दाबून दोन्ही पुन्हा पाहा. शेवटी इंजिन चालू करून पाहा, कारण गाडी थरथरू लागली की सैल राहिलेला जोड तेव्हाच उघडा पडतो.