आधी यादी मागा

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, एका सर्वेक्षण संस्थेने आमच्या वर्गातल्या मुलामुलींना ‘रिसर्च इंटर्न’ म्हणून घेतलं. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली संधी कुठली मिळणार, असंच सगळ्यांना वाटलं. प्रश्नावल्यांचा गठ्ठा हातात पडला, गावं नेमून दिली. विचारायचं कोणाला? ‘भेटेल त्याला.’ म्हणजे एसटी स्टँड, पानटपरी, पारावरची मंडळी. बायका जवळजवळ नाहीतच. गावाबाहेरच्या वस्तीकडे कोणी फिरकलंही नाही. मुदत संपत आली तसा सुपरवायझरचा निरोप आला : उरलेले फॉर्म घरी बसून भरा. काहींनी भरले. आम्ही काहीजणांनी नकार दिला, तर आमचं मानधन अडकलं ते कायमचंच. सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना सारखंच मिळालं.

ते मला आजही सलतं, आणि मानधनामुळे नव्हे. ज्या बाईच्या दारात कोणी गेलंच नाही, तिचं मत कोणीतरी खोलीत बसून ठरवलं होतं.

दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतल्या ‘लोकनीती’चे निवडणूक अभ्यास नंतर वाचले तेव्हा फरक कळला. तिथे आधी मतदान केंद्रं निवडतात, मग त्या केंद्राच्या मतदार यादीतून नावं काढतात, आणि ती यादी घेऊन घरोघर जायचं असतं. फिरणाऱ्यांत कॉलेजचे विद्यार्थी तिथेही असतात, पण आधी त्यांचं प्रशिक्षण होतं.

म्हणून कुठल्याही सर्वेक्षणाला होकार देण्याआधी विचारा : नावांची यादी कुठून आली? पैसा कोणाचा? भरलेले फॉर्म तपासणार कोण? मानधन लेखी देणार का? उत्तरं टाळली तर तिथे जाऊ नका. इंटर्नशिपसाठी उलट तुमच्याकडूनच फी मागणाऱ्यांचा तर विचारही नको.

हल्ली श्रेयांकांसाठी फील्ड प्रोजेक्ट करावाच लागतो, आणि मुलं मुंबई-दिल्लीकडे डोळे लावून बसतात. खासदारांसोबत काम करायला देणारी पीआरएस या संस्थेची ‘लॅम्प’ फेलोशिप उत्तम आहे, पण ती पदवीनंतरची. तोवर आपल्या गावात काय कमी आहे? महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. तिचं इतिवृत्त आणि हजेरीच्या सह्या पाहा. मग सह्या करणाऱ्या बायकांना घरी जाऊन भेटा : सभा खरंच झाली का, की सहीसाठी वहीच घरी आली? कोण काय बोललं? सासूसमोर विचारू नका, शेतावर किंवा पाण्याच्या वेळेला विचारा. कोणाचंही नाव टिपणात येऊ देऊ नका. गावात राहायचं त्यांना आहे. दफ्तर दाखवायला टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शहरात असाल तर आपल्या आमदाराची दोन निवडणुकांतली प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचा. 2002च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती सर्वांना खुली झाली आहेत.

यातून चार-पाच पानांचं टिपण लिहा, आणि कोणाला भेटता आलं नाही तेही त्यात नोंदवा. आता इंटर्न निवडायचं काम माझ्याकडे असतं. अर्जाला असं टिपण जोडलेलं असलं, तर गुणपत्रिकेआधी मी तेच वाचते.