‘नो सिग्नल’ आलं? बॉक्स बदलण्याआधी हा हिशेब मांडा

सुरतेतल्या कोसाड आवासमधल्या कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर जा. टीव्हीच्या छत्र्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण तोंडं सगळ्यांची आग्नेयेकडे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. सुरतेहून तो उत्तरेपासून साधारण १३४ अंशांवर, क्षितिजापासून ५६ अंश उंच येतो. म्हणून घराची गॅलरी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल, तर तिथे छत्री लावून उपयोग नाही, गच्चीच हवी.

छत्रीपुढचा छोटा डबा काय करतो?

छत्री फक्त लाटा गोळा करते. खरं काम तिच्यापुढच्या दांडीवरच्या छोट्या डब्याचं, म्हणजे एलएनबीचं. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येणारा अतिशय क्षीण सिग्नल तो वाढवतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी खाली आणतो. फ्री डिशची ११०९० मेगाहर्ट्‌झची लाट घ्या: त्यातून एलएनबी ९७५० वजा करतो आणि १३४० मेगाहर्ट्‌झ खाली पाठवतो. मूळ फ्रिक्वेन्सी केबलमध्ये काही मीटरांतच विरली असती. ही उतरवलेली मात्र घरापर्यंत टिकते. एलएनबीला लागणारी वीजही त्याच केबलमधून बॉक्सकडून वर जाते: १३ किंवा १८ व्होल्ट. उभ्या लाटा घ्यायच्या की आडव्या, हे त्या व्होल्टवरून ठरतं.

म्हणूनच एका एलएनबीला साधा स्प्लिटर लावून दोन टीव्ही नीट चालत नाहीत. दोन बॉक्स दोन वेगळ्या मागण्या करू शकतात. त्यासाठी दोन आउटपुटचा एलएनबी घ्यावा लागतो.

साधारण खर्च

- कनेक्टरची जोडी: १० ते ३० रुपये
- आरजी-६ केबल: मीटरला १० ते २५ रुपये
- एलएनबी, एक आउटपुट: २०० ते ३५० रुपये
- एलएनबी, दोन आउटपुट: ४०० ते ६०० रुपये
- फ्री डिशचा बॉक्स: ८०० ते १,५०० रुपये
- कारागिराची फेरी: २०० ते ४०० रुपये

दुकानागणिक भाव बदलतात, पण प्रमाण हेच राहतं. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीवरून तळमजल्यापर्यंत २५ मीटर केबल लागली आणि मीटरला १५ रुपये पडले, तर ३७५ रुपये झाले. म्हणजे एक आउटपुटच्या एलएनबीपेक्षा केबलच महाग!

दुरुस्ती स्वस्तापासून महागाकडे

१. मुसळधार पावसात चित्र गेलं तर थांबा. पाऊस ओसरला की ते आपोआप परततं.

२. खासगी डीटीएच असेल तर आधी रिचार्ज तपासा. फ्री डिशला मासिक भाडं नसतं.

३. बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ पाहा. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, तर बहुधा वाऱ्याने छत्री सरकली आहे. दोन्ही शून्य असतील तर संशय कनेक्टर, केबल आणि एलएनबीवर, याच क्रमाने.

४. बॉक्सचा प्लग काढून एलएनबीजवळचा कनेक्टर उघडा. आतली तांब्याची तार हिरवट किंवा काळी पडली असेल, तर पाणी शिरलं आहे. खराब टोक कापून नवा कनेक्टर बसवा, वर टेप घट्ट गुंडाळा. शेकडोंचं काम वीस-तीस रुपयांत होतं.

५. एवढं करूनही चित्र आलं नाही, तर एलएनबी बदला. लेबलवर ९.७५ आणि १०.६ गिगाहर्ट्‌झ असा उल्लेख असलेला युनिव्हर्सल एलएनबी मागा. खासगी डीटीएच असेल तर त्यांना कोणता चालतो ते आधी विचारा.

६. बॉक्सचा नंबर शेवटचा. शेजाऱ्याकडे त्याच सेवेची छत्री असेल, तर आपला बॉक्स तिथे पाच मिनिटं जोडून पाहा. तिथे चित्र दिसलं, तर तुमचा बॉक्स ठणठणीत आहे.

कारागीर बोलावलात तर फेरीचे पैसे आणि सुट्या भागांचे पैसे आधीच वेगळे ठरवा. काढलेला जुना एलएनबी मागून घ्या. पैसे द्यायच्या आधी क्वालिटीचा आकडा त्याच्यासमोर स्वतः वाचा आणि लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात चित्र पुन्हा अडखळलं, तर ताडून पाहायला तोच आकडा हाताशी असेल.