पूर्वप्रतिकारशक्ती आणि बदलते विषाणू

गोवर एकदा होऊन गेला की तो सहसा पुन्हा होत नाही. इन्फ्लुएन्झा मात्र आयुष्यात अनेकदा होतो. गोवराच्या विषाणूचे बाह्य स्वरूप जवळजवळ स्थिर असते, तर इन्फ्लुएन्झाचा विषाणू सतत बदलत राहतो. अशा विषाणूशी सामना करताना शरीराची जुनी स्मृती कधी तारक ठरते, तर कधी अपुरी पडते. कोणत्या वयोगटास अधिक धोका आहे आणि लस केव्हा बदलावी, हे ठरविताना ही बाब विचारात घ्यावी लागते.

स्मृती बी-पेशींची निर्मिती

विषाणू किंवा लस शरीरात आल्यावर त्यातील प्रतिजन ओळखणाऱ्या बी-पेशी सक्रिय होतात. लसीका ग्रंथींमधील जननकेंद्रांत या पेशींच्या प्रतिपिंडविषयक जनुकांत उत्परिवर्तने होतात आणि प्रतिजनाशी अधिक घट्ट जोडल्या जाणाऱ्या पेशींची निवड होते. त्यांपैकी काही प्लाझ्मा पेशी बनून प्रतिपिंडे निर्माण करतात, तर काही स्मृती बी-पेशींच्या रूपाने दीर्घकाळ टिकतात.

पुढे बदललेला विषाणू आल्यास त्याचे न बदललेले भाग ओळखणाऱ्या स्मृती पेशी त्वरेने कार्यरत होतात. त्यामुळे संरक्षण लवकर मिळते. परंतु नव्या भागांसाठी लागणाऱ्या नवख्या बी-पेशींना वाव कमी मिळतो. पहिल्या संसर्गाचा हा दीर्घकालीन ठसा अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये विशद केला.

इन्फ्लुएन्झाचा अनुभव

२००९ च्या एच१एन१ महासाथीत साठी ओलांडलेल्या व्यक्तींना लागण तुलनेने कमी झाली. १९५७ पूर्वी प्रचलित असलेल्या एच१एन१ विषाणूंशी त्यांचा बालपणी संपर्क आला होता आणि नवा विषाणू त्यांच्याशी साधर्म्य राखणारा होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९६८ पूर्वी जन्मलेल्यांना एच५एन१ या बर्ड फ्लूच्या, तर त्यानंतर जन्मलेल्यांना एच७एन९ च्या तीव्र आजारापासून अधिक संरक्षण होते. एच५ हा प्रकार एच१ व एच२ यांच्या गटातील, तर एच७ हा एच३ च्या गटातील आहे. आणि १९६८ मध्येच एच३एन२ चा मानवांत प्रसार सुरू झाला होता.

लसीकरण धोरणाशी संबंध

कोविड-१९ च्या बाबतीतही हाच प्रश्न उद्भवला. मूळ विषाणू व ओमिक्रॉन यांचा एकत्रित समावेश असलेल्या लशी २०२२ मध्ये काही देशांत दिल्या गेल्या. त्यांनी प्रामुख्याने आधीच्याच स्मृती पेशींना चालना दिली. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने नव्या लशींतून मूळ विषाणूचा घटक वगळण्याची शिफारस केली. भारतात जून २०२३ मध्ये ‘जेमकोवॅक-ओएम’ या ओमिक्रॉनविरोधी एमआरएनए लशीस आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

पूर्वप्रतिकारशक्ती म्हणजे केवळ अडथळा नव्हे. पुन्हा लस दिल्यावर स्मृती पेशी अधिक परिपक्व होऊन विषाणूच्या अनेक प्रकारांना ओळखू शकतात. इन्फ्लुएन्झाच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाचा शीर्षभाग वेगाने बदलतो, पण देठ बराचसा स्थिर राहतो. म्हणूनच सार्वत्रिक लशीच्या संशोधनात या देठावर भर दिला जातो. जुन्या स्मृतीला योग्य लक्ष्याकडे वळविणे, हेच या संशोधनाचे सूत्र होय.