मापाची खुर्ची : कारागिरांसाठी एक धडा

माप न घेता शिवलेला कपडा स्वस्त पडत नाही, तो वाया जातो. कापडाच्या धंद्यात आम्ही हे पक्के शिकलो. चाकाच्या खुर्चीचेही तसेच आहे.

पेठ वडगावात आमच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीला फुकट खुर्ची मिळाली, पण ती मोठ्या माणसाच्या मापाची. मुलगी एका अंगाला कलायची, पाय टेकत नसत. खुर्ची पडवीत गेली, मुलगी खाटेवर आणि शाळा सुटली.

कोल्हापुरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्यांचा स्वतःचाच वावर चाकाच्या खुर्चीवरून. संस्थेच्या कार्यशाळेत अपंगांसाठी साहित्य तयार होऊ लागले. जयपूरचा प्रसिद्ध पायही रामचंद्र शर्मा हा कारागीर आणि डॉ. सेठी यांनी मिळूनच घडविला. तेव्हा बंधूंनो, हे काम आपल्या हुन्नराबाहेरचे नाही.

मापे अशी घ्यावीत :

१) बैठकीची रुंदी : बसलेल्या माणसाच्या कुल्ल्यांची रुंदी, अधिक फार तर एक इंच.

२) बैठकीची खोली : पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतचे अंतर, वजा दीड ते दोन इंच.

३) पाय ठेवण्याची पट्टी : गुडघ्यामागून टाचेपर्यंतचे माप उशीच्या वरून धरावे.

४) उशी : हिच्यात काटकसर नको. अंगाला संवेदना नसेल तर कठीण बैठकीने जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात.

५) चाके : सायकलची ट्यूब-टायर बसेल अशी घ्यावीत, म्हणजे गावचा सायकलवालाही दुरुस्ती करील.

पाठीला बाक किंवा अंगात ताठरपणा असेल, तर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय हात घालू नये. आणि सर्वांत आधी बसणाऱ्यालाच विचारावे : घराचा दरवाजा केवढा, उंबरा किती उंच, रस्ता कसला?

वेल्डर, सायकलवाला, रेक्झिन शिवणारा असे तिघे एकत्र आले की काम उभे राहते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीमुळे आपल्या भागात अशा हातांची वाण नाही. मजुरी साफ सांगावी, दुरुस्तीची जबाबदारी घ्यावी. गिऱ्हाईक त्यानेच टिकते.

त्या मुलीची खुर्ची आम्ही सल्ला घेऊन वेल्डरकडे नेली. बैठक अरुंद केली, पट्टी वर घेतली, नवी उशी शिवली. खर्च नव्या खुर्चीपेक्षा पुष्कळच कमी आला. मुलगी आता शाळेत जाते. ज्या वेल्डरने ते काम केले, त्याच्याकडे त्यानंतर आणखी दोन घरे माप द्यायला आली.