आंबवणीतून हायड्रोजन

हायड्रोजन जाळला की धूर निघत नाही, राख उरत नाही; उरते ते पाणी. वजनास वजन धरले तर पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीनपट उष्णता तो देतो. परंतु आज जगातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच काढतात आणि त्या कामी कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. मग स्वच्छतेचा लाभ कोठे राहिला? या प्रश्नाचे एक उत्तर जीवाणूंपाशी आहे. मी वाङ्मयाचा विद्यार्थी. तरीही हा विषय मला जसा उमगला तसा मांडतो.

आंबणे ही क्रिया इडलीच्या पिठामुळे आपल्या परिचयाची आहे. क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू प्राणवायू नसलेल्या जागी साखर आंबवून जगतात. साखरेच्या विघटनात सुटणारे इलेक्ट्रॉन कोणाच्या तरी हवाली करावे लागतात. आपल्या शरीरात ते प्राणवायू स्वीकारतो; या जीवाणूंना ती सोय नाही. म्हणून हायड्रोजनेज या विकराच्या साहाय्याने ते इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या आयनांना देतात आणि हायड्रोजन वायू बुडबुड्यांतून बाहेर पडतो. आपले इंधन म्हणजे जीवाणूंचा केरकचराच म्हणायचा!

येथे कोणी विचारील, गोबरगॅसच्या टाकीतही हेच घडते, मग तेथे मिथेन कसा मिळतो? तेथे मिथेन करणारे दुसरे सूक्ष्मजीव असतात. ते हायड्रोजन तयार होताच फस्त करतात. म्हणून प्रयोगात विरजणाचा गाळ आधी चांगला तापवतात. मिथेन करणारे मरतात, क्लॉस्ट्रिडियमचे चिवट बीजाणू मात्र तगतात. पुढे मिश्रणही किंचित आम्लधर्मी ठेवतात.

आता हिशोब पाहू. ग्लुकोजच्या एका रेणूपासून तत्त्वतः हायड्रोजनचे १२ रेणू मिळावेत. पण या आंबवणीत जास्तीत जास्त ४ मिळतात. उरलेली शक्ती ॲसेटिक आम्लात, म्हणजे शिरक्यातील आम्लात, अडकून राहते. त्यामुळे १ किलो ग्लुकोजपासून फार तर ४४ ग्रॅम हायड्रोजन हाती येतो. त्याची उष्णता सुमारे १२० ग्रॅम पेट्रोलइतकी! ब्युटिरिक आम्ल तयार झाले तर उत्पन्न निम्म्यावर येते. उरलेल्या आम्लांवर प्रकाशात जांभळे जीवाणू वाढवून आणखी हायड्रोजन काढता येतो. परंतु त्यासाठी उन्हात पसरलेल्या मोठ्या पात्रांचा खर्च आलाच.

या आकड्यांवरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. खाण्याजोगी साखर या कामी घालणे म्हणजे ताटातले काढून चुलीत घालणे होय. साखर कारखान्यांच्या मळीलाही मद्यार्काचे गिऱ्हाईक आहेच. तेव्हा खानावळींचे खरकटे, मंडईतील सडका भाजीपाला, स्टार्चच्या कारखान्यांचे सांडपाणी हाच या जीवाणूंचा खरा शिधा. भारत सरकारने २०२३ साली राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यात मोठा भर सूर्य व वारा यांच्या विजेने पाण्याचे विघटन करण्यावर आहे. जीवाणू त्या विजेची बरोबरी करणार नाहीत. पण वीज खरकट्याची विल्हेवाट लावत नाही, जीवाणू लावतात. इंधन आणि सफाई अशी दुहेरी मजुरी धरली, तरच त्यांचे मोल नीट ठरेल असे मला वाटते.