अवघड जागेचे दुखणे : लाज सोडा, वेळ साधा



लागण, खोडवा, खते, पाणी यांविषयी या पानावर आम्ही नेहमी लिहितो. आज उसाचे नव्हे, ऊस पिकवणाऱ्याचे लिहितो आहोत. 'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' असे आपल्याकडे म्हणतात. म्हणीपुरते ठीक आहे. पण या लाजेपायी दुखणे अंगावर काढले, तर तरणाताठा माणूस हातचा जातो. बाजारात खोंड घ्यायचा तर आपण दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो. स्वतःच्या अंगाची तेवढी पारख आपल्यापैकी किती जण करतात?

वृषणाचा, म्हणजे अंडकोषातील गोळीचा कर्करोग आपल्याकडे दुर्मीळ आहे. पण जो होतो तो मुख्यतः १५ ते ४० या वयात, ऐन उमेदीत. सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही, आणि 'दुखत नाही ना, मग राहू दे' इथेच माणूस फसतो.

तपासावे कसे?

१. महिन्यातून एकदा, कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर तपासावे. त्या वेळी कातडी सैल असते.

२. एकेक गोळी अंगठा व बोटे यांमध्ये धरून हलकेच फिरवावी. दाबू नये.

३. निरोगी गोळी गुळगुळीत, लांबट-गोल आणि उकडून सोललेल्या अंड्यासारखी घट्ट लागते. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखा भाग लागतो. ती गाठ नव्हे, बीजवाहक नळी आहे.

४. एक गोळी थोडी मोठी किंवा थोडी खाली असणे स्वाभाविक आहे. आपले नेहमीचे कसे हे ठाऊक असले, की बदल चटकन कळतो. रोज चाचपून जिवाला घोर लावून घेऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गोळीवर टणक गाठ, मग ती ज्वारीच्या दाण्याएवढी का असेना, गोळीचा आकार वाढणे, जडपणा वाटणे, पिशवीत एकाएकी पाणी भरणे, अंडकोषात किंवा जांघेत सारखी कळ राहणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात जावे. 'गळीत हंगाम उरकू दे, मग बघू' असे म्हणू नये.

पिशवीतली प्रत्येक सूज कर्करोगाची नसते. अंडवृद्धीत पाणी साठते. अंतर्गळाची सूज खोकल्यावर वाढते व आडवे झाल्यावर बहुधा आत जाते. पण हा निवाडा डॉक्टरांनी करायचा, आपण नव्हे. सोनोग्राफीत बरेचसे उघड होते, त्यात दुखत नाही. मात्र कोणाकडूनही सुई टोचून पाणी काढून घेऊ नये, लेप-शेक करीत दिवस घालवू नयेत.

ही तर तासांची गोष्ट

पोराच्या अंडकोषात एकाएकी असह्य कळ आली, उलटी झाली, एक गोळी वर ओढल्यासारखी दिसली, तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो. सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर गोळी बहुधा वाचते. पोरे लाजून 'पोटात दुखतंय' एवढेच सांगतात, आणि घरची माणसे ओवा-हिंग देत बसतात. तसे न करता रात्र असली तरी गाडी काढा.

माता-भगिनींनीही एक ध्यानात ठेवावे. तान्ह्या मुलाच्या दोन्ही गोळ्या पिशवीत उतरल्या आहेत का ते बघावे. सहा महिन्यांपर्यंत उतरल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी. अशा मुलाला पुढे कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून मोठेपणी त्याने तपासणी चुकवू नये.

उपचार आहे, आणि गुणकारी आहे

१९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध आले आणि या रोगाचे चित्रच पालटले. आज वेळेवर आलेले शंभरातले नव्वदाहून अधिक रुग्ण बरे होतात. क्रिकेटपटू युवराजसिंग यांना याच जातीच्या पेशींची गाठ छातीत झाली होती. २०१२ साली त्यांनी उपचार घेतले आणि त्याच वर्षी ते पुन्हा मैदानात उतरले.

एक गोळी काढली म्हणजे पुरुषत्व गेले, हा समज खोटा आहे. दुसरी निरोगी असली तर संसार होतो, मुलेही होतात. औषधे सुरू करण्यापूर्वी बीज जपून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, याची रुग्णालयात चौकशी करावी.

उसात काणीचा चाबूक दिसला, की त्यावर पिशवी घालून आपण अख्खे बेट मुळासकट उपटतो. एका बेटाची लाज धरून कोणी फड घालवीत नाही. तीच रीत स्वतःच्या शरीरासाठी पाळा, आणि हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या तरण्या पोराच्या हाती द्या.