आतल्या नेटवर्कची बेगमी

अगं, एवढी रडवेली का झालीस? खडकवासल्याच्या ऑफिसात इंटरनेट नाही, म्हणून पायथनचं पॅकेज बसेना, एवढंच ना? बघ, यातून वाट आहे.

खरं सांगू का, पहिल्या नोकरीत मीही अशीच अडकले होते. परवानगी काढून एक पॅकेज पेन ड्राइव्हवर आत नेलं, तर ते दुसरं मागायला लागलं, दुसरं तिसरं. शेवटी सगळी एकदम उतरवली, तर ती माझ्या विंडोजच्या लॅपटॉपसाठीची, आणि आतला सर्व्हर लिनक्सचा! म्हणून सांगते, बाहेर एक मशीन आतल्यासारखंच ठेव. तेच लिनक्स, पायथनची तीच आवृत्ती. तिथे 'पिप डाउनलोड' चालव, म्हणजे लागणारी सगळी पिलावळ एका फोल्डरात येते. आत बसवताना 'नो-इंडेक्स' लावून त्याच फोल्डरकडे बोट दाखव.

येता-जाता धरण बघतेस ना? टेमघर, वरसगाव, पानशेतचं पाणी खडकवासल्यात येतं. चारांत हे सगळ्यात लहान, पण शहराकडे पाणी सुटतं ते इथून, आणि पर्वतीला शुद्ध होऊन नळाला येतं. तुमच्या नेटवर्कलाही असं एकच धरण हवं गं. आतला एक मिरर सर्व्हर ठेवा, सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं. दहा जणांचे दहा पेन ड्राइव्ह नकोत.

आणि आत सोडण्याआधी पारखून घे. चेकसम जुळव, डिजिटल सही तपास, व्हायरस स्कॅन कर. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तिथे चेकसम जुळूनही उपयोग नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला जरा जास्त वेळ लागतोय असं जाणवलं, म्हणून हा चोरदरवाजा उघडकीला आला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोचलाच नव्हता. तेव्हा ताजं दिसलं की लगेच आणायची घाई नको, मुरलेलं आण.

मात्र एकदा भरलं की झालं, असंही नाही हं. डब्यावर तारीख घालतेस ना, तशी वही ठेव: नाव, आवृत्ती, कुठून आणलं, कधी, लायसन्स कोणतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लायब्ररीतलं भोक कळलं, तेव्हा पहिला प्रश्न होता, आपल्याकडे ते कुठे कुठे आहे? वही असली की उत्तर दहा मिनिटांत मिळतं. महिन्यातून एक दिवस सुरक्षा दुरुस्त्या आत आणायला राखून ठेव.

आणि कितीही अडलं तरी मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा नाही, हे माझं ऐकच. सुरक्षा अधिकाऱ्यांना शत्रू समजू नकोस, यादी घेऊन त्यांच्याकडे जा. उद्या चहा झाला की वहीचं पहिलं पान लिहायला बस. तुला जमेल गं.